बोजा उतरेपर्यंत

दारू सोडलेल्या माणसाला पाच महिन्यांनीही तलफ आली, तर त्याचा नेम मोडला का? पादुकांवर हात ठेवून दारू सोडलेल्यांच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो. माझ्या मावसभावाकडेही निघाला. रात्री तीनला जाग, साध्या बोलण्यावरून चिडचिड, कशातच गोडी नाही. मावशी म्हणाली, "मनातून सुटलीच नाही त्याची." वहिनी तर एकदा बोलून गेली, "प्यायचे तेव्हा बरे होते."

माझी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात गेली, म्हणून दाखलाही तिथलाच सुचतो. शेतकरी शेवटचा हप्ता भरतो, बँक बेबाकीचा दाखला देते. तरी सातबाऱ्यावरचा बोजा त्याच दिवशी उतरत नाही. तलाठ्याकडे फेरफार होईपर्यंत तो दिसतोच. म्हणून कर्ज फिटलं नाही असं कुणी म्हणेल का?

शरीराचंही तसंच. दारू मेंदूला गुंगवते. ती रोजची झाली की मेंदू तोल राखायला स्वतःला जास्त जागा ठेवायला शिकतो. दारू थांबते, ती जाग उरते. हाताची थरथर, घाम बहुधा आठवडाभरात ओसरतात. (पहिले तीन-चार दिवस मात्र जिवावरही बेतू शकतं, रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच सोडावी.) झोप आणि मन ताळ्यावर यायला कित्येकांना महिने लागतात.

तेव्हा तलफ येणं हे पाप नव्हे. ती येणं आपल्या हाती नाही. उठून गुत्त्याची वाट धरणं हाती आहे. नेम मोजायचा तो तिथे.

पण याची दुसरी बाजूही आहे. चिडचिड हे लक्षण असेल, ताट भिरकावणं हे लक्षण नव्हे. कारण कळलं म्हणून जबाबदारी माफ होत नाही. भावाला हे मी तोंडावर सांगितलं. आता राग चढला की तो चपला घालतो आणि चौकापर्यंत चालून येतो.

१९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये जन्मभराची शपथ मागत नाहीत. फक्त आजचा दिवस पिऊ नकोस, म्हणतात. मला ते पटतं. जन्माचा हिशेब एका रात्रीत कुणाला पेलतो?

घरच्यांनीही रोज तोंड हुंगून पाहू नये. पहाटे तीनला तो जागा दिसला, तर "काय झालं?" एवढं विचारावं आणि चहा टाकावा. बोजा उतरायला वेळ लागतो, पण हप्ता भरलेला असतो.