देहाची तपासणी आणि देहाचा मान



९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जानेवारी २०२३ पासून मोपाहूनही विमाने उडू लागली. पिंगुळी-कुडाळच्या माणसाला विमान आता परके राहिलेले नाही. कोणाचा मुलगा आखातात आहे, कोणी जहाजावर आहे, तर कोणाची आई लेकीच्या बाळंतपणासाठी आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसणार आहे. अशा आईला उड्डाणापेक्षा तपासणीची धास्ती अधिक असते. स्त्रियांची तपासणी आडोशाला होते आणि ती बाईच करते, हे खरे. तरीही परक्या हातांनी अंग चाचपले की जीव आक्रसतो. गुडघ्यात धातूचा सांधा असला, तर यंत्र वाजते आणि सगळे वळून पाहतात.

आता याच्या पुढचे यंत्र आले आहे. त्याला बॉडी स्कॅनर म्हणतात. त्याच्या लहरी कपड्यांतून आत जातात आणि त्वचेवरून परत फिरतात. कपड्यांखाली काही लपवले असेल, तर ते त्यामुळे दिसते. आपल्या देशाच्या नागरी विमान सुरक्षा ब्युरोने एप्रिल २०१९ मध्ये ८४ विमानतळांना असे स्कॅनर बसवण्याचा आदेश दिला. मार्च २०२० ची मुदत पाळली गेली नाही, पण दिशा ठरलेली आहे. म्हणून दोन प्रश्न आपण आजच विचारायला हवेत. सुरक्षेसाठी माणसाने आपल्या देहाची लाज कुठवर बाजूला ठेवावी? आणि एखादी गोष्ट अपमानाची वाटली, तर सामान्य माणसाने ती कोणाच्या तोंडून बोलावी?

आधी दुसऱ्या बाजूला न्याय देऊया. २००९ च्या नाताळच्या दिवशी ॲम्स्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात लपवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला. विमानात सुमारे ३०० माणसे होती. साध्या मेटल डिटेक्टरला अशी स्फोटके कळत नाहीत. त्यानंतर अमेरिकेत आणि युरोपात स्कॅनर झपाट्याने आले. ते आणणाऱ्यांना इतरांचे जीव वाचवायचे होते. शेजाऱ्याच्या जिवाची काळजी ही आपल्याही धर्माची शिकवण आहे. म्हणून ‘मला तपासूच नका’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु सुरुवातीच्या काही यंत्रांवर माणसाची आकृती जवळजवळ विवस्त्र दिसत असे. २० फेब्रुवारी २०११ रोजी अमेरिकेतील सिएटल विमानतळावर शॅरन सिस्ना नावाच्या बाईंवर असा प्रसंग आला. त्या अलास्का राज्याच्या लोकप्रतिनिधी होत्या. कर्करोगामुळे त्यांचे स्तन काढलेले होते. स्कॅनरमध्ये ते दिसले आणि त्यांना हाताने अंग चाचपून घ्यायला सांगण्यात आले. हा अनुभव त्यांना आधीही आला होता. या वेळी त्यांनी नकार दिला, विमान सोडले आणि दुसऱ्या वाटांनी, शेवटी बोटीने, आपल्या राज्याची राजधानी गाठली. त्यांनी काही लपवले नव्हते. लपवले होते ते केवळ एक दुखणे, आणि ते लपवण्याचा त्यांना हक्क होता. अलास्काच्या प्रतिनिधिगृहाने ठराव करून त्यांची बाजू घेतली.

दर वर्षी उपवासकाळात आपण क्रुसाची वाट करतो. दहाव्या स्थानाशी येशूची वस्त्रे उतरवली जातात, तेव्हा आपण गुडघे टेकतो. खिळे ठोकण्याआधीची ही वेदना ख्रिस्तसभेने वेगळी मोजली आहे. विमानतळावरील शिपायाची तुलना कालवारीवरील सैनिकांशी करणे अन्यायाचे होईल. तो आपले रक्षण करत असतो. पण देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर मानणाऱ्यांनी इतके तरी ओळखावे की मनाविरुद्ध उघडे पडणे ही माणसाला झालेली खरी जखम असते, मग ती यंत्राने का होईना. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २० फेब्रुवारी २०१० रोजी इटलीच्या हवाई वाहतूक क्षेत्रात काम करणाऱ्यांना हेच सांगितले होते. धोके कितीही असोत, सर्व व्यवस्थेत माणसाला पहिले स्थान राहिले पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

आता दुसरा प्रश्न. आपल्या राज्यघटनेत विमानवाहतूक हा केंद्राच्या सूचीतील विषय आहे. मग ग्रामसभेने किंवा विधानसभेने त्यात बोलावे कशाला, असे कोणीही विचारेल. अमेरिकेतही हाच पेच पडला. टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाने मे २०११ मध्ये विमानतळावरील अंगचटीच्या झडतीला गुन्हा ठरवणारे विधेयक मंजूर केले. केंद्र सरकारच्या वकिलाने पत्र पाठवून बजावले की असा कायदा झाला, तर टेक्सासची विमाने रद्द करावी लागतील. विधेयक अडले आणि तो कायदा कधी झालाच नाही.

मग सारे फुकट गेले का? नाही. राज्यांची कुरकूर, प्रवाशांच्या तक्रारी आणि न्यायालयातील दावे एकत्र झाले. जुलै २०११ मध्ये तेथील अपील न्यायालयाने सांगितले की स्कॅनर लावता येतील, परंतु लोकांचे म्हणणे मागवल्याशिवाय हा नियम करायला नको होता. २०१२ मध्ये त्यांच्या संसदेने कायदाच केला की पडद्यावर खऱ्या देहाऐवजी सर्वांसाठी एकच साधी बाहुलीसारखी आकृती दिसली पाहिजे. ज्या क्ष-किरण यंत्रांना हा बदल जमला नाही, ती २०१३ मध्ये विमानतळांवरून काढण्यात आली. विमाने चालू राहिली, तपासणीही चालू राहिली. फक्त माणसाचा देह झाकला गेला. भारतातील २०१९ च्या आदेशातही अशाच बाहुलीसारख्या आकृतीची अट होती. कुठल्या तरी दूरच्या बाईच्या नकाराचे फळ पिंगुळीच्या आईलाही मिळू शकते, ते असे.

पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रकात एक तत्त्व मांडले. लहान संस्थेला जे करता येते, ते मोठ्या संस्थेने तिच्याकडून हिसकावू नये. उलट तिला बळ द्यावे. विमानाची सुरक्षा पाहणे ग्रामपंचायतीला जमणार नाही. ते केंद्राचेच काम आहे. पण कोणाला कुठे लाज वाटते, कोणाचा पाय कृत्रिम आहे, कोणती म्हातारी हिंदी-इंग्रजी समजत नसल्याने घाबरते, हे दिल्लीला कळत नाही. गावाला कळते. हे वर पोहोचवणे हे गावाचेच काम आहे.

त्यासाठी वाट आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. चारचौघांत न बोलता येणारी गोष्ट तेथे बोलता येते. तेथून ठराव ग्रामसभेत, मग जिल्हाधिकारी, आमदार आणि खासदारांकडे जाऊ शकतो. केंद्रीय दल नसलेल्या लहान विमानतळांवर राज्याचे पोलीसच तपासणी करतात. त्यांचे प्रशिक्षण कसे असावे, हे विचारणे विधानसभेच्या अधिकारात येते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे, त्याचाही आधार आहे. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘नाचे मयूरी’च्या सुधा चंद्रन यांनी प्रत्येक वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात अशी जाहीर व्यथा मांडली, तेव्हा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने माफी मागितली. त्या प्रसिद्ध होत्या म्हणून त्यांचा आवाज पोहोचला. ज्यांना कोणी ओळखत नाही, त्यांचा आवाज गावाने व्हायचे.

मागणी मात्र नेमकी असावी. आडोसा मिळावा, आपल्या भाषेत दोन शब्द समजावून सांगावे, आजारी व अपंग व्यक्तींना मान द्यावा, पडद्यावरचे चित्र साठवू नये. एवढ्याने कोणाची सुरक्षा कमी होत नाही.

या आठवड्यात घरातील प्रवास करून आलेल्या आईला, आजीला जवळ बसवून विचारा: तपासणीच्या वेळी तुला काय वाटले? कदाचित तिने ते आजवर कोणालाच सांगितले नसेल.