ताण

लेकरू कणखर व्हावं असं कुणाला वाटत नाही? पण ते होतं कशानं, याचं उत्तर जो तो आपल्या सोयीनं देतो. आमच्या वयाची माणसं पारावर बसली की म्हणतात, "आताच्या पोरांना उपास माहीत नाही, अनवाणी चालणं माहीत नाही, म्हणून ती जरा कशानं मोडतात." ऐकायला बरं वाटतं. पण नुसत्या हालानं माणूस घडत असता, तर १९७२ च्या दुष्काळातून निघालेलं प्रत्येक लेकरू सोन्यासारखं झालं असतं. तसं काही झालं नाही.

मी तेव्हा बारा वर्षांचा. आमच्या जालन्याकडच्या विहिरी खडखडीत पडल्या होत्या. सारं गाव खडी फोडायला. रेशनवर लाल मिलो मिळायची, कामावर सुकडी. भूक सगळ्यांच्या पोटात सारखीच. त्या भुकेत कुणी वाटून खायला शिकलं, कुणी दुसऱ्याच्या फडक्यातली भाकर पळवायला शिकलं. मग फरक कशानं पडला?

खडीची मजुरी मापावर असायची. काही जण ढिगाच्या पोटात माती घालायचे आणि वरून खडी रचायचे. वडिलांनी कधी घातली नाही. माय एकदा चिडून म्हणाली, "तुमच्या खरेपणानं लेकरांचं पोट भरतंय का?"

वडील म्हणाले, "नाही भरत. पण उद्या हेच लेकरू मला मातीचं माप घालंल, तवा काय म्हणू?"

मला कुणी उपदेश केला नव्हता. मी फक्त तिथं बसलो होतो. भुकेनं मला काही शिकवलं नाही. भुकेत आईबाप कसे वागले, ते मी बघितलं.

आम्ही मोसंबीवाले आंबे बहारासाठी बागेचं पाणी तोडतो. त्याला ताण देणं म्हणतात. हलक्या रानात थोडे दिवस, भारी काळ्या रानात जास्त. पानं पिवळी पडून गळायला लागली की ताण बसला समजायचं आणि पाणी सुरू करायचं. पण ताण जाणत्या झाडाला देतात, दोन वर्षांच्या रोपाला नाही. आणि पाणी तोडणारा रोज बागेत चक्कर मारतो. दुष्काळ म्हणजे ताण नव्हे. दुष्काळ झाड बघत नाही.

२०१२ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या बागा उभ्या वाळल्या. आमचीही गेली. कुऱ्हाड लावायच्या आदल्या रात्री मी दोन्ही लेकरांपुढं वही ठेवली. सोसायटीचं किती, दुकानदाराचं किती, पोरीच्या कॉलेजला काय उरतंय. पाहुणे म्हणाले, "लेकरांना कशाला टेन्शन?" अहो, टेन्शन घरात होतंच. लेकराला ते आईच्या तोंडावर दिसतं. कारण तेवढं कळत नाही, मग त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

धाकट्यानं त्या वर्षी नवे कपडे मागितले नाहीत, ही मोठी गोष्ट नाही. मोठी गोष्ट पुढं झाली. बारावीला मार्क कमी पडले, तेव्हा त्यानं तो कागद लपवला नाही. वही ठेवावी तसा माझ्यापुढं आणून ठेवला. म्हणाला, "आता काय करायचं ते बसून ठरवू."

सहा वर्षांच्या लेकराला कर्जाचे आकडे सांगू नयेत, हे मलाही कळतं. त्याला एक करडू सांभाळायला द्यावं. पाणी पाजायचं राहिलं तर करडू ओरडतं, त्या वयाला तेवढा ताण पुरे. जसजसं वय वाढेल तसतशी वही उघडावी.

ज्या घरात बाप कर्ज लपवतो, तिथं लेकरू एकच धडा घेतं. हरलेलं कुणाला सांगायचं नसतं. मग ते नापास झालं, फसलं, नोकरी गेली, तरी गप्प राहतं. आणि गप्प राहून एकट्यानं ओझं ओढणारा माणूस एखाद्या रात्री खाली बसतो तो उठत नाही. आमच्या भागात अशी घरं आहेत. त्यांच्या वह्या नंतर सापडल्या, ट्रंकेच्या तळाशी.