दुर्बलाने किती वाकावे?

बलाढ्य सत्ता जवळ येऊ लागली की लहान राज्याने वाकावे की लढावे, हा प्रश्न भारतीय विचारात राजनीतीइतकाच धर्माचाही आहे. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला नदी आणि समुद्राचा संवाद सांगतात. त्यात पुराने मोठे वृक्ष उन्मळतात, वाकणारा वेत टिकतो. कौटिल्याला एवढ्याने समाधान नाही. अर्थशास्त्राच्या बाराव्या अधिकरणात दुर्बलाने सर्वत्र नमावे हे भारद्वाजाचे मत तो खोडतो आणि सर्व बळानिशी लढणे हाच क्षत्रियाचा स्वधर्म हे विशालाक्षाचेही. आक्रमक कोणत्या प्रकारचा, हे आधी ओळखावे असे तो सांगतो. धर्मविजयी शरणागतीवर संतुष्ट होतो. लोभविजयी भूमी आणि द्रव्य घेऊन थांबतो. असुरविजयी बायकामुले आणि प्राणही घेतो.

पण व्यापारी म्हणून आलेला या तिघांत कुठे बसवायचा? कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात याचा विचार आहे. सावकार ही राज्याची शोभा, असे मानणारे अमात्य टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, मात्र वेगळे काढतात. इंग्रज, फिरंगी (पोर्तुगीज), वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) यांच्यापैकी प्रत्येकाच्या मागे राजा आहे आणि राजाला भूमीचा लोभ नसतो असे होत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. म्हणून व्यापार चालू द्यावा, पण वखारीला खाडीवर किंवा समुद्रकाठी जागा देऊ नये. द्यावीच लागली तर आत, सखल भागात द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. यात परक्याचा द्वेष नाही. वाकावे की लढावे ही वेळच येऊ नये, इतके अंतर आधीपासून राखणे हा राजधर्म, असा त्याचा अर्थ होतो. कौटिल्याच्या वर्गीकरणापेक्षा ही दृष्टी अधिक दूरची म्हणावी लागेल.

मराठी राज्यकर्ते उलट वागले. कोकणचे आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांना मोडण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजी आरमाराची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला. होळकरांच्या धास्तीने दुसऱ्या बाजीरावांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची फौज स्वतःच्या मुलखात घेतली. बलवंताचा आश्रय शास्त्रसंमत होता खरा, पण आश्रयदाता कोण याची पारख झाली नाही. आज्ञापत्र ज्या गादीसाठी लिहिले गेले, त्या कोल्हापूरनेही १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांना दिले. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख सोडला. त्याच वर्षी खानदेश कंपनीच्या अमलाखाली गेले.