पिटातून दिसलेली अमेरिका

जॉर्डन पील यांचा ‘गेट आऊट’ २०१७ साली आला. सुमारे ४५ लाख डॉलरमध्ये बनलेल्या, वंशद्वेषावरच्या या भयपटाने जगभरात २५ कोटींहून अधिक डॉलर कमावले आणि पटकथेचे ऑस्करही मिळवले. मधल्या काळात गोल्डन ग्लोबवाल्यांनी त्याला विनोदी चित्रपटांच्या रांगेत बसवले. त्यावर हा तर माहितीपट आहे, असे पील यांनी ट्विटरवर सुनावले. ते ठीकच झाले. पण प्रस्तुत लेखकाचे डोके उठले ते निंदकांमुळे नव्हे, स्तुतिपाठकांमुळे. त्यांनी एक नवे बिरुद काढले: ‘उन्नत भयपट’. म्हणजे आजवरचा भयपट अवनत होता, आता कुठे तो शिकून-सवरून दिवाणखान्यात यायच्या लायकीचा झाला! ‘तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो’ हे कौतुक ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या बिरुदाचा वास लगेच येईल. गंमत म्हणजे ‘गेट आऊट’ नेमकी अशाच कौतुकाची सालटी काढतो.

आपल्याकडे भयपटासारख्या सिनेमाला ‘गल्लाभरू’ म्हणतात. शब्द तुच्छतेचा आहे, पण त्यात एक प्रामाणिकपणाही आहे. हा सिनेमा कशासाठी काढला, हे तो लपवत नाही. प्रतिष्ठित सिनेमाला गल्ला हवा असतोच. वर पुण्यही हवे असते. या पुण्याच्या व्यवहारावर कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांनी बोट ठेवले, आणि त्यांच्यापाशी थोडे थांबायला हवे.

स्टॅन्ली क्रेमर यांच्या ‘द डिफायंट वन्स’मध्ये (१९५८) एक गोरा आणि एक काळा कैदी एकाच साखळीला जखडलेले पळतात. पुढे साखळी तुटते. शेवटी काळा कैदी, म्हणजे सिडनी पॉइटिये, धावती मालगाडी पकडतो. गोऱ्याला, टोनी कर्टिसला, गाडीत चढता येत नाही आणि त्याच्यासाठी पॉइटिये गाडीतून खाली उडी मारतो. ‘द डेव्हिल फाइंड्स वर्क’ (१९७६) या पुस्तकात बाल्डविन दोन थिएटरांची हकीकत सांगतात. न्यूयॉर्क शहराच्या गोऱ्या भागात या उडीवर समाधानाचे उसासे पडले. हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत मात्र पिटातला प्रेक्षक खवळून ओरडला: मूर्खा, परत गाडीत चढ! बाल्डविन यांचे म्हणणे असे, की ती उडी कर्टिसच्या पात्रासाठी नव्हतीच. गोऱ्या प्रेक्षकाला ‘तुमचा कोणी द्वेष करत नाही’ ही हमी देण्यासाठी ती होती. चित्रपटाला दोन ऑस्कर मिळाली. हार्लेमच्या त्या आरोळीला कोण पारितोषिक देणार? पण वंशद्वेषावरच्या सिनेमाची याहून नेमकी समीक्षा प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. चित्रपट कोणाला हायसे वाटावे म्हणून संपतो, एवढाच तिचा प्रश्न आहे.

आता रॉजर कॉर्मन. राक्षसी खेकडे आणि माणसे खाणारी रोपटी यांवर घर चालवणारा हा निर्माता-दिग्दर्शक. १९९० साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले. शंभर चित्रपट काढले आणि कधी छदामही बुडवला नाही, अशी फुशारकी त्याच्या शीर्षकातच आहे. ती पूर्ण खरी नाही. ‘द इन्ट्रूडर’मध्ये (१९६२) पैसे बुडाले, आणि ते कॉर्मन बंधूंच्या स्वतःच्या खिशातले होते.

टेनेसीतल्या क्लिंटन गावच्या शाळेत १९५६ साली १२ काळ्या मुलांना प्रवेश मिळाला, तेव्हा जॉन कॅस्पर नावाचा बाहेरचा माणूस येऊन गाव पेटवू लागला. (हा कॅस्पर कवी एझ्रा पाउंड यांचा चेला. कवितेने मन विशाल होते म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) त्यावरून चार्ल्स बोमाँट यांनी कादंबरी लिहिली आणि कॉर्मननी तिचा चित्रपट केला. पांढराशुभ्र सूट घालून गोड बोलणाऱ्या या आगलाव्याचे काम तरुण विल्यम शॅटनर यांनी केले. ‘स्टार ट्रेक’ अजून दूर होते. चित्रण मिसूरीच्या आग्नेय कोपऱ्यात, खऱ्या गावांत झाले. जमाव खराखुरा स्थानिक, आणि त्याला दाखवलेली संहिता सौम्य केलेली. कोर्टाच्या पायऱ्यांवरून शॅटनर विष ओकतात तेव्हा समोरचे चेहरे पाहावेत. कोण अभिनय करतो आहे आणि कोण नाही, हे ओळखता येत नाही.

गावाला कुणकुण लागताच धमक्या सुरू झाल्या. कॉर्मन सांगतात त्याप्रमाणे शाळेच्या मैदानातल्या झोपाळ्याचा शेवटचा प्रसंग एका जागी पुरा होऊ दिला गेला नाही. पोलिसांनी हुसकले, की दुसऱ्या गावातला तसाच झोपाळा शोधायचा आणि पुढचे तुकडे तिथे घ्यायचे. पडद्यावर मात्र एकच झोपाळा, त्यावर खोट्या आरोपात अडकवलेला काळा विद्यार्थी जोई आणि भोवती गाव.

इथपर्यंत लिहून प्रस्तुत लेखक खूश होता: पाहा, सत्य स्वस्तातच सांगता येते! पण हार्लेमची कसोटी दुसऱ्याला लावायची आणि आवडत्याला सोडायचे, हे बरे नव्हे. झोपाळ्यावरून जोई सुटतो कसा? सॅम ग्रिफिन नावाचा गोरा विक्रेता आरोप करणाऱ्या मुलीला घेऊन येतो, ती खोटे कबूल करते, जमाव खजील होऊन पांगतो. दोष बाहेरून आलेल्या माणसाचा ठरतो, गावाची सद्बुद्धी जागी होते. सबंध चित्रपट गाडीत बसून राहिलेले कॉर्मन अखेरच्या क्षणी उडी मारतातच.

उडी न मारणारा चित्रपट सहा वर्षांनी आला, आणि तोही फारसे न ठरवता. पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरो यांनी सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. नायक बेनच्या भूमिकेसाठी ड्युएन जोन्स यांची चाचणी सर्वांत चांगली झाली म्हणून त्यांना घेतले, असे रोमेरो नेहमी सांगत. जोन्स कृष्णवर्णीय होते. कथेत त्याचा उच्चारही नाही. रात्रभर प्रेतांशी झुंजून बेन एकटा वाचतो. सकाळी बंदुका घेतलेली गोऱ्यांची टोळी येते, खिडकीतल्या त्याला प्रेत समजून गोळी घालते. मग चित्र थांबते. एकामागून एक दाणेदार स्थिरचित्रे, मांस उचलायचे आकडे, बेनचा देह, रचलेली चिता. लिंचिंगनंतर दक्षिणेत छापल्या जाणाऱ्या पोस्टकार्डांसारखीच ती दिसतात. ग्रिफिन येत नाही. कोणालाही हायसे वाटत नाही.

मग गल्लाच सत्यवादी, असे म्हणावे? १९७१ साली मेल्विन व्हॅन पीबल्स यांचा ‘स्वीट स्वीटबॅक’ सुरुवातीला डेट्रॉइट आणि अटलांटा इथल्या दोनच थिएटरांत लागला आणि तुफान चालला. गोऱ्या पोलिसांना मारून पळालेला काळा नायक शेवटी सीमेपार निसटतो, हे तोवर कोणी दाखवले नव्हते. ब्लॅक पँथर या लढाऊ काळ्या संघटनेच्या ह्यूई न्यूटन यांनी मुखपत्राचा अख्खा अंक त्याला दिला. (पुढच्याच वर्षी मुंबईत त्या पँथरचे नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली.) पण ‘एबनी’ मासिकात लेरोन बेनेट यांनी या चित्रपटाची चिरफाड केली, त्यातल्या बायकांची अवस्था पाहता ती टाळता येत नाही. लाटेवर बाकीचे स्वार झाले, तेव्हा १९७२ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे ज्युनियस ग्रिफिन यांनी ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ (म्हणजे काळ्यांचे शोषण) हा शब्द शिवीसारखा वापरला. पॅम ग्रियर ‘फॉक्सी ब्राउन’मध्ये (१९७४) गोऱ्या गुंडांचा सूड घेते, हे खरे. त्याआधी तिचे जे हाल होतात, ते कॅमेरा मिटक्या मारत पाहतो, हेही खरे. आणि त्या तिकिटांचे पैसे बव्हंशी गोऱ्या कंपन्यांकडेच जात.

गल्ल्याच्या स्वातंत्र्याला कुंपण असते, हे आयव्हन डिक्सन यांच्या ‘द स्पूक हू सॅट बाय द डोअर’ने (१९७३) पाहिले. सीआयएत शिकलेला काळा अधिकारी शिकागोतल्या पोरांना गनिमी युद्ध शिकवतो, अशी कथा. वितरकाला आधी फक्त मारामारीचे तुकडे दाखवून गल्लाभरू पट असल्याचे भासवले, असे सांगतात. पूर्ण चित्रपट आला आणि लवकरच थिएटरांतून दिसेनासा झाला.

त्याच सुमारास बिल गन यांना काळ्या रक्तपिपासूचा झटपट धंदेवाईक पट करायला सांगण्यात आले. त्यांनी ‘गान्जा अँड हेस’ हे संथ, चमत्कारिक स्वप्न करून दिले. नायक पुन्हा ड्युएन जोन्स. कान महोत्सवात समीक्षक सप्ताहात तो दाखवला गेला. मायदेशी मालकांनी कापून, नाव बदलून तो विकला. मूळ न कापलेली प्रत वाचली ती न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये. म्हणजे दिवाणखान्यातच. प्रस्तुत लेखकाला हे कबूल करणे जड जाते.