इतिवृत्तवहीवर हक्क कोणाचा?

कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती असते. तिच्या नावावर मालमत्ता असते, ती दावाही लावू शकते, परंतु तिला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी नसते. तिच्या वतीने माणसे सभेत विचार करतात आणि त्या विचाराची जी अधिकृत नोंद मागे उरते, तिला इतिवृत्त म्हणतात. त्यामुळे ही नोंद कोणी पाहावी हा प्रश्न मुळात नीतिशास्त्राचा आहे.

भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ११९ नुसार सर्वसाधारण सभेची, म्हणजे भागधारकांच्या सभेची, इतिवृत्तवही कोणाही सभासदाला कामकाजाच्या वेळेत विनाशुल्क पाहता येते. संचालक मंडळाच्या इतिवृत्तावर मात्र त्याला असा हक्क नाही. एक शेअर घेणाऱ्याला जेवढे पाहता येते तेवढेही त्याच कारखान्यात हयात घालवलेल्या कामगाराला किंवा कारखान्याच्या सांडपाण्याने ज्याची विहीर बिघडली त्या शेतकऱ्याला पाहता येत नाही, कारण कायद्याने हक्काचे मूळ मालकीत मानले आहे, परिणाम भोगण्यात नव्हे.

महात्मा गांधींच्या विश्वस्त-सिद्धांताला ही मांडणी मानवणारी नाही. संपत्ती ज्याच्या हाती आहे त्याने ती समाजाची ठेव समजून सांभाळावी, असे तो सिद्धांत सांगतो. आणि ठेव समाजाची असेल, तर हिशेब केवळ भागधारकाला देऊन विश्वस्त मोकळा होत नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९५ मध्ये राज्यव्यवहारासाठी मांडलेली कसोटीही येथे लावता येते: दुसऱ्याच्या हक्कांना स्पर्श करणाऱ्या कृतीमागचे तत्त्व उघड होताच ती कृती तडीस जाणे अशक्य होत असेल, तर ती कृती अन्याय्य होय.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. नोंद दुसऱ्याच दिवशी जगजाहीर होणार असेल, तर शंका काढू पाहणारा संचालक गप्प बसेल, खरी चर्चा सभेबाहेर उरकली जाईल आणि वहीत केवळ कोरडे ठराव उरतील. सत्य उघडे करण्याच्या आग्रहातून सत्याची नोंदच नाहीशी होईल. म्हणून मसलतीला आडोसा हवा, हे मान्य केले पाहिजे. परंतु हा युक्तिवाद मसलत चालू असतानाच्या गुप्ततेचे समर्थन करतो, कायमच्या गुप्ततेचे नव्हे. माणसाच्या खासगीपणाचा आधार त्याची प्रतिष्ठा आहे. कंपनीला तशी प्रतिष्ठा नसल्यामुळे तिच्या गुप्ततेला प्रत्येक वेळी कारण द्यावे लागते, आणि कारण संपले की गुप्तताही संपली पाहिजे.

सरकारी कंपन्यांबाबत हा विवेक कायद्याने स्वीकारलेला आहे: २००५ चा माहिती अधिकार कायदा व्यापारी गुपितांना संरक्षण देतो, तरी व्यापक लोकहितासाठी ते बाजूला सारण्याची मुभाही देतो. खासगी कारखान्याच्या धुराने होणारी हानी सरकारी कारखान्याच्या धुराहून कमी नसते. तेव्हा ठरावीक वर्षांनंतर, निदान आरोग्य, जमीन, पाणी आणि रोजगार यांविषयीच्या मंडळाच्या नोंदी त्या निर्णयांची झळ सोसणाऱ्यांना खुल्या असाव्यात, ही मागणी न्यायाची आहे.