आजचे चिंतन : विहिरीतलं पाणी कोणाचं?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, बाराव्या श्लोकात भगवंत सांगतात की, मिळालेलं परत न देता जो एकटाच भोगतो, तो चोर. शब्द कडक आहे.

विहीर माझी, मोटार माझी, पण पाणी? बाभुळगावच्या काळ्या दगडाखाली ते बांध पाळत नाही. मी रात्रभर उपसलं, तर शेजारची हापशी कोरडी पडू शकते. बेंबळा धरण आपल्याच तालुक्यात, म्हणून निर्धास्त राहू नये. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा, चापडोह आटले आणि यवतमाळ शहर टँकरच्या रांगेत उभं राहिलं.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चारदा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. आपणही आपल्या विहिरीत दोर सोडून बघावं. पावसाळ्यात जेवढं जिरवलं, तेवढ्यावरच आपला हक्क. त्याहून जास्त उपसलं, ते लेकरांच्या वाट्याचं.

हरि ॐ.