नवऱ्याचा शर्ट, बायकोच्या बांगड्या

फडात उतरताना ऊसतोड बाई साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते आणि डोक्याला फडके बांधते. उसाचे पाते धारदार असते, उघड्या हाताची कातडी चिरत जाते. पोलक्याच्या बाहीने भागत नाही. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या बीडच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर कित्येक महिने राहतात, आणि हा सगळा हंगाम हजारो बायका पुरुषी शर्टात काढतात. त्यांना कोणी हसत नाही. त्यांच्या बाईपणाबद्दल कोणाला शंका येत नाही.

तिच्या नवऱ्याने हौसेने हातात दोन बांगड्या भरल्या, तर मात्र टोळीत त्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

पुरुषाच्या कपड्यांविषयीची सगळी चर्चा या फरकापासून सुरू व्हायला हवी. बाईने पुरुषाचा कपडा घातला की ती एक पायरी वर चढली असे मानले जाते. पुरुषाने बाईचा घातला की तो खाली घसरला. म्हणजे हसू कपड्याचे नसते, बाईचे असते. मोर्चेकरी निष्क्रिय अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्या ठेवतात तेव्हा बाई असणे हीच शिवी आहे, असे ते भर कचेरीत सांगत असतात, आणि त्या मोर्चात अनेकदा बायकाही असतात. शिरूरच्या तर नावातच कासार आहे. भांडी आणि बांगड्या विकण्यात ज्या समाजाच्या पिढ्या गेल्या, त्यातल्या पुरुषांनी आयुष्यभर परक्या बायकांचे हात हातात घेऊन बांगड्या भरल्या. त्यांच्या हातांना बांगडीचा विटाळ कधी झाला नाही. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली उरल्या होत्या, राज्यात सर्वांत कमी. मुलगी नको म्हणणारे मन आणि मुलाला ‘बायल्या’ म्हणणारे तोंड ही दोन वेगळी माणसे नव्हेत.

‘आपल्या परंपरेत पुरुष असा नटत नव्हता,’ हे वाक्य या भागात सर्रास ऐकू येते. ते खरे नाही. छत्रपती शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली चित्रे पाहावीत: घोळदार जामा, कानात मोती, गळ्यात माळा, पगडीवर तुरा. पेशवाईतल्या पुरुषाच्या कानात वरच्या पाळीला भिकबाळी असे. गोंधळी आजही पायघोळ झगा आणि कवड्यांच्या माळा घालून उभा राहतो. नवरदेव हळद लावून घेतो, कपाळावर मोत्यांच्या मुंडावळ्या बांधतो. लग्नात गुलाबी फेटा बांधताना कोणत्याही मामाला आपल्या मिशीची काळजी वाटत नाही. तो रंग पोरीचा, ही कल्पनाच अलीकडची आहे. १९१८ साली अमेरिकेतले कपड्यांच्या व्यापाराचे एक मासिक गुलाबी रंग मुलग्यांसाठी आणि निळा मुलींसाठी सुचवत होते.

दागिन्यालाही मुळात विरोध नाही. पिंपरी-चिंचवडच्या दत्ता फुगे यांनी २०१२च्या सुमारास सोन्याचा शर्ट शिवून घेतला तेव्हा देशभर त्यांचे फोटो छापले गेले, पण त्यांना कोणी बायकी म्हटले नाही. मनगटातले जाड कडे, गळ्यातली साखळी, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे हा सत्तेचा पोशाख आहे, म्हणून तो मर्दानी. बीडमध्ये कमरेचे पिस्तूलही या पोशाखात शिरले. मस्साजोगच्या सरपंचाच्या डिसेंबर २०२४मधल्या हत्येनंतर, २०२५च्या सुरुवातीला जिल्हा प्रशासनाने शंभराहून अधिक शस्त्रपरवाने रद्द केले. जिल्ह्याची बेअब्रू या पोशाखाने झाली, कोणाच्या कानातल्या बाळीने नव्हे.

साडीला मराठी समाजाने दोन ठिकाणी मात्र मुभा दिली: देवापुढे आणि रंगमंचावर. तुळजापूरच्या वाटेवरच्या आराधी मेळ्यात, यल्लम्माच्या जोगत्यांत साडी नेसलेला पुरुष दिसतो आणि लोक त्याच्या पाया पडतात. एकनाथांच्या भारुडात मिशीवाला गडी पदर घेऊन सासूची गाऱ्हाणी सांगतो, गाव तल्लीन होऊन ऐकतो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी तर कळस केला. १९११च्या ‘संगीत मानापमान’मधल्या भामिनीपासून पुढे कित्येक वर्षे घराघरांतल्या बायका साडी कशी नेसावी, गजरा कसा माळावा हे एका पुरुषाकडे बघून ठरवत होत्या. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मराठी स्त्रीच्या सौंदर्याचा नमुना एका पुरुषाने घडवला, एवढी मोठी गोष्ट हा समाज पचवू शकला.

पण बालगंधर्व शालू नेसत ते नायिकेचा. तमाशातल्या नाच्याला हे भाग्य नव्हते. गणपत पाटील यांनी मराठी चित्रपटांत नाच्या इतका हुबेहूब केला की लोक पडदा विसरले. ते संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ होते, तरी त्यांच्या पुरुषत्वावर शंका घेतल्या गेल्या आणि कुटुंबालाही ती झळ बसली. २००८ साली कोल्हापुरात ते गेले. दोन वर्षांनी आलेला ‘नटरंग’ हा चित्रपट हेच दुःख सांगतो. आनंद यादवांच्या मूळ कादंबरीतला गुणा पैलवानी अंगाचा शेतमजूर. फडासाठी तो नाच्या होतो आणि गाव त्याचे जुने बळ, कष्ट, सगळे पुसून टाकते. माणूस तोच असतो. बदललेली असते ती चाल आणि कंबरेची लकब.

आज तालुक्याच्या गावातला पोरगा मोबाइलवर रणवीर सिंगला घागऱ्यासारख्या पोशाखात बघतो. ‘बाजीराव मस्तानी’ २०१५ साली आला आणि भिकबाळी पुन्हा पोरांच्या कानात दिसू लागली, कारण तिच्यामागे बाजीरावाची तलवार होती. लांब केस, नखांना रंग, फुलाफुलांचा शर्ट यांच्यामागे ना देव, ना रंगमंच, ना तलवार. ती नुसती आवड असते, आणि तिच्यासाठी पोराला एकट्याने उभे राहावे लागते. मुंबईत ‘बिन बायकांचा तमाशा’मधले लावणी करणारे पुरुष टाळ्या घेतात. शिरूरच्या एसटी स्टँडवर ते सोपे नाही, म्हणून इथल्या पोराचे धाडस मोठे.

कपड्याने सगळे बदलेल असेही नाही. कानात बाळी घालणारा तरुण हुंडा घेऊ शकतो, बायकोवर हात उगारू शकतो. तरीही बायकी म्हटले जाण्याची भीती ज्याची गेली, त्याला घरात भाकरी थापायला, लेकराला न्हाऊ घालायला, चारचौघांत रडायला कमी अडचण पडते.

दिवाळीचे कपडे घ्यायला पोराला दुकानात न्याल तेव्हा रंग त्याचा त्याला निवडू द्या. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याने साडी नेसली, तर दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला कोणी छळत नाही ना, हे शिक्षकांनी बघावे. आणि ‘बायल्या’ ही शिवी मोठ्यांनी आधी स्वतःच्या तोंडातून काढावी. पोरे ती घरातच शिकतात.